रक्ताची दुसरी बाटली

वहिनीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि आई तिला रोज सकाळी समोर बसवून दूध पाजत होती. पेला रिकामा होईपर्यंत उठायचं नाही. मग गूळ-शेंगदाणे. दुपारी मेथी नाहीतर पालक, संध्याकाळी खजूर. हे सगळं आई स्वतःच्या हाताने करायची. खरं तर तिला फार वेळ उभंही राहवत नव्हतं. ओट्याचा आधार घेत, मध्येच डोळे मिटत ती शेंगदाणे भाजायची आणि सालं पाखडून ते वहिनीच्या ओंजळीत घालायची. मी शेजारीच बसून भाजी निवडत असायची. माझ्या ओंजळीत काही पडायचं नाही.

याला कारण होतं. आईला कित्येक महिने अंगावरून जात होतं. घरात हे वडिलांसमोर बोललं जात नसे, त्यामुळे ते बरंच उशिरा कळलं. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की पिशवी काढून टाकावी लागेल, आणि अंगात रक्त फार कमी राहिलं आहे, तेव्हा ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्यांची सोय घरच्यांनी करायची. तेव्हा तिथे रक्ताचा साठा असा नसायचाच. ज्याचा पेशंट त्याने माणसं आणायची.

वडिलांना साखरेचा आजार. भावाला आदल्या वर्षी कावीळ होऊन गेलेली. राहिलो वहिनी, मी आणि पुणतांब्याचे मामा. मामांनी निरोप पाठवला होता, "एक काय, दोन्ही माझ्याच घ्या." आम्हा तिघांचं रक्त तपासलं. मामांचं जुळलं. वहिनीचंही जुळलं.

आणि माझंही जुळलं.

डॉक्टरीणबाई केरळकडच्या होत्या. मराठी त्यांना बेताचंच येई, आणि घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मीच, म्हणून त्या माझ्याशी बोलत आणि मी घरी येऊन सांगत असे. एरवी माझ्या त्या शाळेचा घरात काडीचा उपयोग नव्हता. ती वडिलांची हौस होती, आणि भाऊ मला त्यावरून मड्डम म्हणायचा. त्या दिवशी मी आईला आधी वहिनीचं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. मग माझं सांगितलं. तिने मान हलवली.

"तुझं नको."

"का?"

"लेकीचं घेत नाहीत."

मला ती थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा. आमच्या शाळेत सिस्टरने फळ्यावर लाल आणि निळ्या खडूने हृदय काढून दाखवलं होतं. त्यात लेकीचा वेगळा रंग नव्हता. मी म्हटलं, "अगं, रक्त ते रक्त."

"तुझे आजोबा माझ्याकडे यायचे," आई म्हणाली, "तेव्हा या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. उन्हातून आले तरी पिशवीतून तांब्या काढायचे आणि घरून आणलेलं पाणी प्यायचे. आणि मी तुझ्या अंगातलं रक्त घेऊ?"

"पण माझं लग्न कुठे झालंय?"

"होईल की. लेक ती लेकच. तिचं काही घेतलं तर परत द्यावं लागतं. हे कसं परत देऊ मी तुला?"

"आणि वहिनीचं चालतं?"

"ती घरची आहे," आई म्हणाली, आणि शेंगदाणे हलवायला लागली.

मला वेळेवर कधी बोलता येत नसे. मी एकोणीस वर्षं त्या घरात होते, आईच्या पोटातून आले होते. श्रीगोंद्याकडच्या उसाच्या मळ्यातून आलेली एक मुलगी, जिला अजून आमचे डबे कुठे आहेत ते धड माहीत नव्हतं, ती घरची. मी निवडलेल्या मेथीत त्या दिवशी बरीच देठं राहिली.

वहिनीचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं, हीच अडचण होती. उंच, रुंद मनगटांची, तोंड उघडून हसणारी. तपासणीसाठी बोटाला टोचलं तेव्हा मी भिंतीकडे बघत होते आणि ती टोचणाऱ्याला म्हणत होती, "एवढंच? डास बी जास्ती पितो की वो." तो माणूस दिवसभर ते लोकांना सांगत असणार. माझं बोट टोचल्याचं त्याच्या लक्षातही राहिलं नसेल.

तिच्या माहेरहून गुळाची ढेप आली. आई ती फडक्यात बांधून फळीवर ठेवायची. दुपारी सगळे आडवे झाले की मी स्टुलावर चढून ती काढायची आणि बत्त्याने खडा फोडून तोंडात टाकायची. आधी मला वाटलं मी नुसत्या रागाने खाते आहे. मग लक्षात आलं, की मी तयारी करते आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पंचेचाळीस किलोच्या खाली असेल त्याचं रक्त घेत नाहीत, आणि मी थोडी खाली होते. म्हणून कॉलेजमधून येताना वाट वाकडी करून मी स्टेशनवर जायची आणि तिथल्या वजनाच्या यंत्रावर उभी राहायची. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला एखाद्या नटीचं चित्र. नट्या बदलत होत्या, आकडा हलत नव्हता. आई नको म्हणाली होती, पण मामांचं काय सांगावं, असं मी मनात म्हणत असे. मामांचं काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण काही झालंच, तर मी तयार असले पाहिजे.

एकदा मी स्टुलावर असताना वहिनी मागे येऊन उभी राहिली.

"वन्सं, लगीन व्हायच्या आदीच डोहाळे लागले व्हय?"

माझे कान तापले. ती मात्र ढेपेकडे बघत म्हणाली, "चोरून कशाला खाताय? घ्या की. माझ्याच म्हायरची हाय."

गूळ गोड लागेनासा झाला. आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या फळीवरचा गूळ मी खावा की नाही, याची परवानगी आता ती देत होती. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर चढले.

आईला दवाखान्यात दाखल केलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाऊ, वहिनी आणि मी टांग्याने रक्त द्यायला गेलो. मामा सकाळच्या गाडीने यायचे होते. भाऊ त्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेला आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. स्पिरिटचा वास, दोन लोखंडी खाटा, टेबलावर निळं पाणी भरलेली नळी. त्यात रक्ताचा थेंब टाकायचे. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर परत जा. वहिनीचा थेंब दगडासारखा खाली गेला.

डॉक्टरीणबाई मला इंग्रजीत विचारत होत्या आणि मी वहिनीला मराठीत.

"काही खाऊन आल्या आहात का विचारतात."

"सांगा, दोन भाकरी, पिठलं, वर तांब्याभर ताक."

मी इंग्रजीत म्हटलं, हो.

"भीती वाटते का?"

"गाईला टोचत्यात तसली सुई नसंल तर न्हाई म्हणावं."

मी म्हटलं, नाही.

वहिनी खाटेवर आडवी झाली. तिच्या मुठीत पट्टीचा गुंडाळा दिला आणि तो दाबत राहायला सांगितला. काचेची बाटली खाली स्टुलावर होती. दंडापासून तिथपर्यंत रबरी नळी, आणि नळीतून ते खाली उतरत होतं, वाटलं होतं त्यापेक्षा काळपट. उद्या हे आईच्या अंगात जाईल. आई बरी होईल, चालेल, फिरेल, आणि तिच्या आत हे फिरत राहील. मी बाटली भरताना बघत होते. आई जगावी म्हणूनच ती भरत होती, हे मला कळत होतं, आणि तरीही ती लवकर भरू नये असं मला वाटत होतं.

भाऊ दाराशी आला. एकटाच.

"मामा आले नाहीत. गाडीतल्या एका माणसाबरोबर निरोप आलाय. कांदे काढायला आलेत म्हणे."

डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, दुसरी बाटली नसेल तर मी उद्या तुमच्या आईला टेबलावर घेणार नाही. सोय झाली की पुढची तारीख बघू.

वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "काय म्हन्त्यात बाई?"

"दुसरी बाटली मिळाल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतात."

"मग शेजारची खाट रिकामीच हाय की."

"आई नको म्हणालीय."

"आत्याबाईंना कोन सांगायला बसलंय?"

मी भावाकडे पाहिलं. रक्त दिसू नये म्हणून तो केव्हाच व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला होता. मी पर्समधून स्टेशनवरचं शेवटचं तिकीट काढलं. त्यावर पंचेचाळीसच्या जरासं वर वजन होतं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटून नटीचं चित्र पाहिलं, हसल्या, आणि मला त्यांच्या स्वतःच्या काट्यावर उभं केलं. काट्याने तिकिटाला साथ दिली. माझा थेंब निळ्या पाण्यात मध्यावर जरा घोटाळला. मग तोही खाली गेला.

सुई गेली तेव्हा मी भिंतीकडे बघितलं नाही. मला सगळं बघायचं होतं. वहिनी शेजारच्या खाटेवरून बजावत होती, "मूठ दाबा, वन्सं. गाईची धार काढल्यागत. अशी. अशी." गाईची धार मी जन्मात काढली नव्हती. पण मूठ दाबली. बाटली भरल्यावर नर्सने ती उचलली आणि नेता नेता ती माझ्या हाताला लागली. गरम होती. याची मला कल्पनाच नव्हती.

दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्या होत्या. वहिनीचं जास्त गडद दिसत होतं. मला वाटलं, इथेही.

मग दाट साखरेचा चहा आणि बिस्किटं. वहिनीने चार खाल्ली, मी दोन. भावाला तिने सांगितलं, "दुसरीची सोय दवाखान्यातनंच झाली." भाऊ इतका सुटल्यासारखा झाला, की कशी झाली हे त्याने विचारलं नाही. मी कोपराच्या खळीतला कापूस पदराखाली घेतला आणि आम्ही टांग्यात बसलो.

घरी शेजारच्या काकू वाट बघत होत्या. त्यांनी अंथरूण घालून ठेवलं होतं, आणि तुपात भाजलेल्या शिऱ्याचा वास दारापर्यंत येत होता. "अगं बाई, केवढं धैर्य! आम्हाला तर नुसतं ऐकून गरगरतं. झोप, झोप. तीन दिवस पातेलं उचलायचं नाही." वहिनीला झोपवलं. उशाशी तांब्या, शिऱ्याची ताटली, वर नारळाचं पाणी. काकू माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं, उभी काय राहिलीस? पाणी सुटलंय बघ."

त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि आलं की तासाभरात जायचं. मी डाव्या हाताने कळशी उचलली, कारण उजव्यातून रक्त काढलं होतं. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला उंबऱ्याशी आले तेव्हा कडेकडेने अंधारून आलं. मी कळशी कशीबशी ठेवली आणि पायरीवर बसले. आतून वहिनीला मी दिसत होते.

"काकू," ती म्हणाली, "मला बाई शिरा जात न्हाई. तूप लई झालंय."

"तूप लई झालंय? तुझ्यासाठी मुद्दाम—"

"वन्सं, या हिकडं. एवढा खाऊन टाका. वाया जाईल न्हाईतर."

तिला तूप जास्त झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू तोंडातल्या तोंडात पुटपुटत उरलेलं पाणी भरायला स्वतः गेल्या, आणि मी वहिनीच्या अंथरुणाच्या कडेला बसून तिचा शिरा खाल्ला. सगळा. तो फार चांगला झाला होता. एखाद्याने आपल्यासाठी सोडलेला शिरा तोंडात असताना त्याचा हेवा करणं अवघड असतं. पण मला जमलं. तिच्याकडे द्यायला काही होतं, आणि मी घेत होते.

ऑपरेशन नीट झालं. मी दुसऱ्या दिवशी आईजवळ बसले होते तेव्हा शेवटची बाटली चालू होती. उलटी टांगलेली, थेंब थेंब. ती कोणती, हे मला काही केल्या ओळखता येईना. आईने डोळे उघडले आणि वडिलांना विचारलं, "एक सुनेची. दुसरी कोणाची? माझा भाऊ तर आलाच नाही म्हणे."

"दवाखान्यातून मिळाली," वडील म्हणाले.

आईने सुई नसलेला हात उचलून कपाळाला लावला. "कोण असेल कोण जाणे. सुखी राहू दे त्याला."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मला त्या अनोळखी माणसाचाही हेवा वाटला. आईने त्याला किती सहज आशीर्वाद दिला होता.

आई घरी आल्यावर बायका तिला बघायला येऊ लागल्या. मधल्या खोलीत खाट टाकली होती. मी चहा करून आणायची, वहिनी पायथ्याशी बसून सुपारी कातरायची. एका दुपारी तीन-चार जणी आल्या होत्या. आईचा आवाज आता बराच भरला होता.

"पोटची करणार नाही ते हिने केलं," ती वहिनीकडे हात करून म्हणाली. "हिच्या जिवावर उठून बसले मी. माझ्या अंगात आता हिचं रक्त आहे."

"माझी एकच बाटली, आत्याबाई," वहिनी सुपारी तोंडात टाकत म्हणाली. "दुसरी वन्संची."

माझ्या हातात कपबशांचं ताट होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई! आणि मी हिला पाणी भरायला लावलं की!" मला वहिनीचा इतका राग आला, की ताट आदळावंसं वाटलं. माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. ती केव्हा सांगायची, कशी सांगायची, सांगायची की नाही, हे मी इतके दिवस मनात घोळवत होते. आणि हिने ती सुपारी चघळत सांगून टाकली.

बायका गेल्यावर आईने मला हाक मारली.

"खरं आहे?"

मी हात पुढे केला. खळीत आता पिवळट डागसुद्धा पुसट झाला होता.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

तिने मला ट्रंक उघडायला लावली. तळाशी जांभळ्या रंगाचा, नारळी काठाचा खण होता. तिने देवापुढचा नारळ आणवला, मला समोर बसवलं, पडल्या पडल्या हात लांब करून कुंकू लावलं आणि खण-नारळ माझ्या हातात दिला. लग्नाआधी ओटी भरत नाहीत म्हणून नुसताच हातात. मग पाठ टेकून तिने मोठा श्वास सोडला.

"झालं. आता मनाला लागायचं नाही."

तिचा चेहरा खरोखर हलका झाला होता. माझ्या हातात नारळ होता आणि मला कळत नव्हतं, की तो कुठे ठेवू. वहिनीला तिने काहीच दिलं नव्हतं. तिला दूध दिलं, शेंगदाणे दिले, लाड केले, पण परत काही दिलं नव्हतं. घरच्या माणसाला परत द्यायचं नसतं.

वहिनी दारातून बघत होती. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती मागोमाग आली आणि खणाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "तुमचं बरं हाय वन्सं. आमाला कुठं कोन काय देतंय? सुनेनं दिलं ते दिलंच. त्याचं कवतिक बोलून हुतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. इतके दिवस मी तिच्या पेल्याकडे बघत होते, तेव्हा ती कुठे बघत होती, हा विचार मला तोपर्यंत शिवला नव्हता.

"तुम्हीच घ्या," मी म्हटलं.

"खरंच?"

"घ्या."

"मग मी न्हाई म्हणायची न्हाई हां," ती म्हणाली, आणि खण लगेच अंगाला लावून बघितला.

आठवड्यात तिने चोळी शिवून घेतली. काकूंकडच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाताना ती घालून ती आईला दाखवायला आली. जांभळा रंग तिच्या सावळ्या दंडावर जसा खुलला होता, तसा तो माझ्या अंगावर कधीच खुलला नसता. मला खण द्यायला नको होता असं वाटलं.

आईने चोळी ओळखली.

"हा खण कुठला?"

"वन्संनी दिला," वहिनी म्हणाली आणि आरशात कुंकू बघून बाहेर गेली. अंगणात काकू तिच्यासाठी थांबल्या होत्या.

आई माझ्याकडे वळली. "मी तुला दिला होता तो."

"मला नको होता."

"आवडला नाही?"

"मला परत काही नको होतं."

हे मी वेळेवर बोलले. आईने पांघरुणाची कड सारखी केली, पुन्हा सारखी केली.

"म्हणजे तुझं माझ्याकडे तसंच राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे."

"लेकीचं असं ठेवून घेत नाहीत गं."

"माहीत आहे. राहू दे."

ती छताकडे बघत होती. ती पुन्हा ट्रंक उघडायला सांगेल, दुसरं काहीतरी काढायला लावेल, असं वाटून मी आधीच मान हलवायच्या तयारीत होते.

"बरं," आई म्हणाली. "राहू दे मग."

बाहेर काकू चोळीचा काठ कुठला म्हणून विचारत होत्या आणि वहिनी मोठ्याने हसून काहीतरी सांगत होती. ती अजून काही विसरलं म्हणून आत येईल, असं मला वाटलं. मी उठून दार लोटून घेतलं.